गोधडीचं पोट

इतिहासाच्या पुस्तकांत वस्त्रांना तोटा नाही. पानापानावर कुणी ना कुणी कुणाला तरी मानाची वस्त्रं देत असतं. पेशवाईची वस्त्रं, सुभेदारीची वस्त्रं, शेला, शालजोडी, मंदील. पण ही वस्त्रं घेऊन मंडळी घरी गेल्यावर रात्री पांघरत काय होती, असं विचारलं की सगळे बखरकार मूग गिळून बसतात. मलाही निवृत्तीच्या समारंभात एक शाल मिळाली आहे. शाल फोटोसाठी उत्तम. पहाटे तीनच्या सुमाराला मात्र ती गळ्याशी टोचते आणि पायाशी पुरत नाही. तेव्हा माझा आपला अंदाज असा, की दिवसा शालजोडी मिरवणारे पुष्कळ पराक्रमी पुरुष रात्री निमूटपणे घरच्या गोधडीतच शिरत असले पाहिजेत. फक्त त्याची नोंद नाही.

नोंद नसण्याचं कारण सोपं आहे. कागद टिकतो, कारण तो कुणी वापरत नाही. दप्तर रुमालात बांधून माळ्यावर टाकलं आणि उंदरांनी मनावर घेतलं नाही, की दोनशे वर्षांची निश्चिंती. गोधडी शिवल्या रात्रीपासून कामाला लागते. आधी ती पांघरूण असते. विटली की अंथरूण होते. विरली की तिचा बरा भाग कापून नातवंडाचं दुपटं, उरलेल्याचं पायपुसणं आणि शेवटी पोतेरं. ज्या वस्तूचा शेवट पोतेऱ्यात, तिचं दप्तर कोण ठेवणार? म्हणून ‘पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा’ हा प्रश्न माझ्या बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत दरवर्षी आला. ‘गोधडी कोणी, कशी व का शिवली?’ हा कधीच आला नाही.

आता हा प्रश्न सोडवायला आमच्या इचलकरंजीइतकं योग्य गाव नाही. पंचगंगेकाठचं हे गाव म्हणजे घोरपड्यांची जहागीर. मूळपुरुष नारो महादेव जोशी. सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी राहिले आणि इतके एकनिष्ठ राहिले की आडनावसुद्धा धन्याचंच लावलं. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई या घरात सून म्हणून आली, म्हणजे थोरल्या बाजीरावाच्या बहिणीचं हे सासर. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा (१८४९-१९२६) इथेच राहिले आणि गावाचं नाव लावून ‘इचलकरंजीकर’ झाले. १९७४ साली पन्नासावं मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. आणि २०२२ साली महानगरपालिका झाली. म्हणजे तेच खड्डे, पण मोठ्या दर्जाचे.

पण इचलकरंजीचा खरा इतिहास सुरू होतो तो १९०४ साली. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या पाठिंब्यानं विठ्ठलराव दातारांनी त्या वर्षी गावात पहिला यंत्रमाग चालवला. तेव्हापासून जो खडखडाट सुरू झाला, तो आजतागायत. आमच्याकडे तान्ही मुलं अंगाईनं झोपत नाहीत, मागाच्या आवाजानं झोपतात. वीज गेली की जागी होतात. गावात पातळं निघाली, धोतरं निघाली, पॉपलीन आणि केंब्रिक निघालं. ते कुठे कुठे जाऊन कुणाकुणाचे परकर आणि सदरे झालं त्याचा हिशेब नाही. आणि एवढं नवं कोरं कापड विणणारं हे गाव रात्री पांघरत होतं काय? तर जुनेर! चपलाकार अनवाणी फिरतो म्हणतात, तसा आमचा मागवाला वाकळेत झोपतो.

हो, वाकळ. गोधडी हा शब्द आमच्या घरात. भिंतीपलीकडच्या आक्कांच्या घरात वाकळ. आणि पाच-पंचवीस मैलांवर कर्नाटकात शिरलात की कौदी. सीमाप्रश्नावर इतकी वर्षं वाद चालू आहे, पण दोन्ही बाजूंचे लोक रात्री एकाच जातीच्या पांघरुणात शिरतात, हे कुठल्याही आयोगासमोर कुणी मांडलेलं नाही. संस्कृतात हिला कंथा म्हणतात. बंगालात तो शब्द ‘काँथा’ म्हणून नांदतोय. भिक्षूंनी चिंध्या जोडून अंगावर घेतल्या. गाडगेबाबांना (१८७६-१९५६) तर त्यांच्या ठिगळांच्या पांघरुणावरून लोक गोधडेबुवा म्हणत. म्हणजे गोधडी पुरुषानं पांघरली तर वैराग्य. बाईनं शिवली तर ‘दुपारी रिकामा वेळ होता, बसली शिवत!’

या रिकाम्या वेळाबद्दल आक्कांपुढे बोलायची सोय नाही. आक्का आमच्या शेजारीण. वय विचारलं तर ‘साठी कवाच झाली’ एवढंच सांगतात. उमेदीची वर्षं मागाच्या कारखान्यात कांड्या भरण्यात गेली. घरी येऊन भाकऱ्या, आणि भाकऱ्यांतून उरलेल्या वेळात वाकळ. आता कारखाना सुटलाय आणि वाकळ हाच धंदा झालाय. लोक कापडं आणून देतात, आक्का शिवून देतात. कापड गिऱ्हाइकाचं, हात आक्कांचे. कोल्हापूर-सांगलीच काय, पुण्या-मुंबईची माणसं पिशव्या घेऊन आमच्या गल्लीत घर शोधत येतात, आणि नेमकी माझं दार वाजवतात.

आक्कांची वाकळ शिवताना पाहणं हा एक सोहळा असतो. आधी सोप्यात एक मोठं लुगडं ताणून अंथरायचं. चार कोपऱ्यांवर वजनं : पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि पाण्याची कळशी. त्यावर थर रचायचे. फाटकं धोतर, उसवलेला परकर, शर्टाची पाठ, जिथे कमी पडेल तिथे तुकडे. मग वरून दुसरं लुगडं. सगळं टाचून घेतलं की चार कोपऱ्यांवर चार बायका बसणार आणि कडेनं धावदोरा घालत आत आत सरकणार. चौकोनात चौकोन, त्यात चौकोन, अशा ओळी घालत चौघीजणी मध्यावर भेटणार. मी एकदा हिशेब केला. सात फूट बाय पाच फूट वाकळ, दोन ओळींत अंगठ्याएवढं अंतर, म्हणजे दीडशे मीटरच्या वर धावदोरा आणि पंधरा हजारांच्या आसपास टाके. हा आकडा आक्कांना ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मास्तर, मोजत बसला असता तर पहिलीच वाकळ अजून हातात असती.’’

या चौघी म्हणजे आक्का, चिकोडीकडच्या मावशी, मागच्या गल्लीतल्या खाला आणि मामी. मावशी कानडीत मोजतात, खाला हिंदीत रागावतात आणि भांडण मराठीत होतं. प्रत्येकीचा कोपरा ठरलेला. टाका पाहून आक्का सांगतात, हा कुणाचा. मामींचा बारीक, खालांचा सरळ, मावशींचा जरा लांब. ‘घाईचा टाका’ असं त्याचं नाव. मावशींचं म्हणणं, टाका लांब नाही, बाकीच्यांची नजर आखूड आहे.

इतिहास शिकवायचा तर तो खणून काढावा लागतो म्हणतात. तशी संधी मला आक्कांच्या सोप्यात मिळाली. एका घरची तीन पिढ्यांची वाकळ नवं कापड चढवायला आली होती. जुन्या वाकळीत अनेकदा आणखी जुनी वाकळ असते, हे ठाऊक नसलेल्या माणसानं मोहेंजोदडोला जाऊ नये. आक्कांनी दोरा उसवला आणि थरावर थर निघू लागले. वर पॉलिस्टरची साडी, अगदी अलीकडची. तिच्याखाली टेरिकॉटची बेलबॉटम पँट. एका पायात अर्धी वाकळ भरावी एवढा घेर, म्हणजे काळ १९७५च्या आगेमागे, वेगळा पुरावा नको. त्याखाली सुती नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. तिच्याखाली धोतर. आणि सर्वांत खाली, उलगडून सपाट केलेली, खादीची एक टोपी. सोप्यात सगळे गप्प झाले. ज्या घरची वाकळ, तिथली सून म्हणाली, ‘‘आजेसासऱ्यांची असंल. बेचाळीस साली घालत होते म्हणत्यात.’’ एक अख्खा स्वातंत्र्यलढा त्या घरानं इतकी वर्षं उबेला घेतला होता आणि घराला पत्ता नव्हता.

सुती लुगडं होतं तोवर वाकळीचे दिवस चांगले होते. सुती कापड जुनं होईल तसं शहाणं होतं. मऊ पडतं, घाम पितं, ऊब धरतं. टेरिलीन-नायलॉन आलं आणि पंचाईत झाली. ही कापडं फाटतच नाहीत, मग वाकळीत येणार कधी? आली तर सुईखालून निसटतात, आणि रात्री पांघरणाऱ्याच्या अंगावरून निसटतात. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या थंडावत गेल्या आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांना जोर चढला. गावात पैसा खेळला, गाद्या आल्या आणि विकतची ब्लँकेटं आली. कुठून आली? पानिपताहून! १७६१ला तिथे एकदा आपला पराभव झालाच होता. दुसऱ्यांदा त्यांनी आपल्याला घरात येऊन, अंथरुणात गाठलं.

गंमत अशी, की पानिपतचं ब्लँकेटही पुष्कळदा जुन्या कपड्यांचंच असतं. देशोदेशींचे टाकलेले लोकरी कपडे तिथे येतात, यंत्रात पिंजले जातात, त्याचं सूत आणि त्या सुताचं ब्लँकेट. म्हणजे विचार आक्कांचाच. फरक एवढाच, की त्या ब्लँकेटात कुणाचा कोट पिंजला गेलाय ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वाकळीत मात्र आज्जीचं लुगडं आज्जीच्या नावासकट असतं. आजारपणात मूल तिच्यातलं फूल बोटानं गिरवतं आणि विचारतं, ‘‘हे कुणाचं?’’ ब्लँकेटाला हा प्रश्न विचारायची सोय नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : ‘का शिवली?’ थंडीसाठी, हे झालं दोन मार्कांचं उत्तर. पाच मार्कांचं उत्तर स्वयंपाकघरात आहे.

आपल्याकडे शेतीत इर्जिक म्हणून एक पद्धत होती. एखाद्याचं शेत नांगरायचं तर गावचे शेजारी आपापले बैल-औतं घेऊन यायचे, दिवसभरात काम उरकायचे. मजुरी नाही. संध्याकाळी घरधन्यानं पोटभर जेवायला घालायचं, बस. वाकळ ही बायकांची इर्जिक. जिची वाकळ, तिच्या घरचं जेवण. आक्का म्हणतात, ‘‘उपाशी बाईचा टाका लांब पडतोय.’’ म्हणून शिवणाच्या दिवशी पहाटे आधी चूल पेटते, मग दोरा निघतो. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरच्यांचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, दही, भरली वांगी. शिवण मोठं असलं तर झणझणीत आमटी. मावशी दहीबुत्ती आणतात, ईद जवळ असली तर खालांचा शीरखुर्मा, आणि संक्रांतीच्या सुमाराला शेंगापोळी. वाकळीला तेलाचा हात लागू नये म्हणून जेवणाची पंगत परसात. तिथे ज्या गप्पा होतात त्या मी भिंतीअलीकडून बत्तीस वर्षं ऐकतोय. एकीचा नवरा, दुसरीची सून, तिसरीच्या गुडघ्याचं दुखणं, सगळं तिथे निघतं, आणि जेवून हात धुतले की त्याच्यावर टाका घालून बंद. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं, असं आपण म्हणतो. या बायकांनी पुष्कळदा तिथेही लावलेलं मी पाहिलं आहे. एकीच्या घरचा माग विकला गेला, तेव्हा तिला सहा महिने शिवणाच्या निमित्तानं रोज जेवायला बोलावलं. वाकळ एकच होती. ती काही केल्या संपत नव्हती.

वाकळीच्या अगदी मध्याला, शेवटच्या चौकोनात, आक्का भाकरीचा वाळवलेला एक चतकोर तुकडा ठेवतात आणि मग टाका बंद करतात. वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणजे पांघरणाराही उपाशी राहत नाही. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, ‘‘याला मुंग्या नाही का लागणार?’’ आक्का म्हणाल्या, ‘‘लागू द्यात की. त्यांना बी पोट हाय.’’

या गिऱ्हाइकाची हकिकत सांगायला हवी. गृहस्थ चांगले नोकरीतले. वडील वारलेले. त्यांची चार धोतरं, दोन सदरे आणि आईची एक इरकली साडी घेऊन आले होते. आक्कांनी आधी जेवायला बसवलं. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं, तिसरी मागून घेतली, खर्ड्याची कृती लिहून घेतली. हात धुतले आणि मग वाकळीच्या भावात घासाघीस सुरू केली. आक्कांनी सांगितलेला आकडा म्हणजे पुण्यातल्या बऱ्या हॉटेलात चौघांचं जेवण. ते म्हणाले, ‘‘जुन्याच कपड्यांची तर आहे!’’

त्यांचं तरी काय चुकलं? हजारो वाकळी शिवल्या गेल्या, पण एकीचीही पावती कधी फाटली नाही. जी वस्तू आई, आज्जी, आत्या शिवत आल्या तिची किंमत ‘मायेनं केलेली’ अशी लावायची रीत आहे. आणि माया ही अशी चीज, की तिचा दर विचारला तर विचारणाऱ्याला लाज वाटत नाही, सांगणाऱ्याला वाटते. पूर्वी निदान इर्जिकीचा हिशेब होता. आज मी तुझी, उद्या तू माझी. आता गिऱ्हाईक पुण्याचं. ते आक्कांची वाकळ शिवायला कधी येणार? तिथे रोख पैशाशिवाय फेड नाही.

मी मध्ये पडून त्यांना अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं खेडं आहे. गुलामांच्या वंशजांचं. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या कामाच्या फाटक्या कपड्यांची, मेलेल्या नवऱ्याच्या विजारींची पांघरुणं शिवत आल्या. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी शिवणाची सहकारी संस्था काढली. २००२ साली ती पांघरुणं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागली. बड्या बड्या कलासमीक्षकांनी माना डोलावल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्यानं त्यांची तिकिटं काढली. गृहस्थ ऐकून गंभीर झाले. आक्का मात्र हसल्या. ‘‘भितीवर टांगली? मग थंडी कुणाला वाजत हुती, भितीला?’’

हसल्या खऱ्या, पण आकड्यातून एक रुपया कमी केला नाही. ‘‘जेवान माझं,’’ म्हणाल्या, ‘‘त्याचं पैसं न्हाईत. टाक्याचं हायत. त्यातलं तिघींचं मला वाटून द्यायचं असतंय.’’ एवढं स्वच्छ अर्थशास्त्र मी कुठल्याही बजेटच्या भाषणात ऐकलेलं नाही. गृहस्थांनी पैसे दिले. महिन्यानं न्यायला आले तेव्हा घडी उलगडून नाक लावलं, आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही.

त्या वेळी चौघी होत्या. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. त्यांच्या सुनेनं त्यांची लुगडी आक्कांकडे आणून दिली. तिघींनी मिळून त्यांची एक वाकळ शिवायला घेतली. कडेनं आत येता येता तीन बाजू भरल्या आणि मामींच्या कोपऱ्यात टाका नव्हता. तिथे कुणी बसायचं, यावर चार दिवस काम अडलं होतं. जेवणं मात्र चारही दिवस वेळेवर झाली.

शेवटी तिथे आमच्या घरातलं माणूस बसलं. सौभाग्यवतींना शिवणाची सवय नव्हती, आणि तिचे पहिले टाके पाहून मावशींना आयुष्यात प्रथमच आपला टाका आखूड वाटला. आक्कांनी तो उसवला नाही. ‘‘मामी हसत असंल,’’ एवढंच म्हणाल्या. ती वाकळ विकायची नाही. थंडीत तिघी आळीपाळीनं नेतात.

तरुण पोरींपैकी कुणी शिकायला येत नाही. आक्कांच्या नातीला शिवणापेक्षा शिवणाचे फोटो काढायला आवडतं. त्या फोटोंवरून लांबून लांबून मागण्या येतात, ही गोष्ट निराळी. मागणी वाढतेय आणि हात कमी होताहेत, डोळे तर त्याआधीच. खालांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आक्कांना सुईचं नाक दिसत नाही. म्हणून सध्या एक नेमणूक झाली आहे. सकाळी चहा झाला की मी चष्मा लावून त्यांच्या सोप्यात बसतो आणि वीस सुया ओवून एका उशीला टोचून ठेवतो. पगार नाही. मात्र दुपारी परसातल्या पंगतीत माझं पान मांडलेलं असतं. सुरुवातीला मला थोडा संकोच वाटे, फुकटच्या भाकरीचा. पण सुई ओवणं हेही कामच आहे, असा निर्णय आक्कांनी दिलाय, आणि वाढताना त्या एवढंच विचारतात, ‘‘मास्तर, उद्याच्या वीस झाल्या का?’’